सेव्हन्थ कॉर्ड सरगमीतून: मेजर आणि मायनरमधला चौथा सूर

सांगली-मिरजेत कीबोर्ड शिकायला येणाऱ्या पुष्कळांचा हात आधी पेटीवर बसलेला असतो. भजनी मंडळात साथ केलेली असते, नाट्यपदं बसवलेली असतात, एखादं गाणं दोन-तीनदा कानावर पडलं की त्याची सरगम बोटांत येते. अशा वादकापुढं आपण कॉर्डचा तक्ता ठेवतो आणि सी, डी, ई, एफ पाठ करायला सांगतो. त्याच्याकडं जे आहे ते बाजूला पडतं आणि तो नवशिक्यासारखा तक्ता घोकत बसतो. सेव्हन्थ कॉर्डपर्यंत आला की गोंधळ आणखी वाढतो, कारण आता मेजर सेव्हन, मायनर सेव्हन, नुसतीच सेव्हन अशी सारखी वाटणारी नावं येतात.

मला हा रस्ता पटत नाही. सरगम मुळातच फिरत्या ‘सा’ची पद्धत आहे. ‘सा’ काळी एकवर धरा नाहीतर पांढरी चारवर (काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या ‘सी’पासून उजवीकडं वेगवेगळ्या मोजायच्या), त्याचं ‘ग’शी असलेलं नातं बदलत नाही. कॉर्ड म्हणजे तरी काय, सुरांमधली नातीच. त्यामुळं ज्याला सरगम येते त्यानं सेव्हन्थ कॉर्ड सरगमीतूनच शिकावी. शिवाय कॉर्डमधला चौथा सूर कोणता घ्यायचा, हे तक्ता सांगत नाही. ते गाण्याची चाल सांगते. आणि चाल आपल्याला सरगमीतच ऐकू येते.

पुढचं सगळं समजायला दोन गोष्टी यायला हव्यात: थाट म्हणजे काय हे माहीत असावं, आणि तीन सुरांची साधी कॉर्ड धरता यावी. लिहिताना कोमल सुराखाली आडवी रेघ आहे (ग॒, ध॒, नि॒), मंद्र सप्तकातल्या सुराखाली बिंदू (नि़) आणि तार सप्तकातल्या सुरावर बिंदू (सां).

एक सूर धरा, एक सोडा

बिलावल थाट घ्या: सा रे ग म प ध नि. मेजर स्केल ती हीच. सा धरा, रे सोडा, ग धरा, म सोडा, प धरा. ही तीन सुरांची कॉर्ड झाली. तिथं न थांबता ध सोडा आणि नि धरा. सा ग प नि. मूळ सुरापासून मोजलं तर नि सातवा, म्हणून ही सेव्हन्थ कॉर्ड.

आता प्रत्येक सुरापासून हेच करायचं. थाटाबाहेरचा सूर घ्यायचा नाही, एवढी एकच अट. डायटॉनिक या शब्दाचा अर्थ या अटीतच आहे.

पहिली: सा ग प नि
दुसरी: रे म ध सां
तिसरी: ग प नि रें
चौथी: म ध सां गं
पाचवी: प नि रें मं
सहावी: ध सां गं पं
सातवी: नि रें मं धं

वाद्याला हात लावण्याआधी हे सात गट तोंडानं म्हणा, अलंकार म्हणतो तसे, चढते आणि उतरते. गळ्यातून गेलेली कॉर्ड बोटं लवकर शोधतात. कॉर्ड चार्टवर या सात जागा रोमन आकड्यांत लिहिलेल्या दिसतील. आपण पहिली, दुसरी असंच म्हणू.

अंतरं मोजा, मग नावं आपोआप कळतात

काळी-पांढरी असा भेद न करता लगतची पट्टी म्हणजे एक सेमीटोन. सा ते ग चार सेमीटोन, ग ते प तीन, प ते नि चार. म्हणजे पहिल्या कॉर्डची अंतरं ४-३-४. चौथी कॉर्डही अशीच निघते: म ते ध चार, ध ते सां तीन, सां ते गं चार. ४-३-४ अंतरांच्या कॉर्डला मेजर सेव्हन म्हणतात. सातांपैकी अशा दोनच.

दुसरी, तिसरी आणि सहावी मोजून पाहा. तिन्ही ३-४-३ येतील. ही मायनर सेव्हन. पाचवी येते ४-३-३. मेजर कॉर्ड आणि तिच्यावर कोमल सातवा. चार्टवर हिच्यापुढं नुसता सातचा आकडा असतो, आणि बोलताना ‘डॉमिनंट सेव्हन’ म्हणतात. सातवी ३-३-४, ती हाफ डिमिनिश्ड.

एवढ्या चार जातींत मेजर स्केल संपली. पांढरी एकला सा मानलं तर सगळ्या पट्ट्या पांढऱ्याच लागतात, आणि ओळीनं नावं येतात: सी मेजर सेव्हन, डी मायनर सेव्हन, ई मायनर सेव्हन, एफ मेजर सेव्हन, जी सेव्हन, ए मायनर सेव्हन, बी हाफ डिमिनिश्ड. पण नाव पाठ करताना तिची जागाही म्हणा. ‘डी मायनर सेव्हन’ ही पांढरी एकमध्ये दुसरी आहे. सा पांढरी सातखालच्या काळी पाचवर नेला की तीच कॉर्ड तिसरी होते. पट्ट्या त्याच, पण काम वेगळं. हे काम ओळखणं हाच खरा अभ्यास आहे.

तानपुऱ्याशेजारी ठेवून ऐका

चौथ्या सुरानं नेमकं काय होतं हे कळायला माझ्या मते तानपुऱ्यासारखं साधन नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावात तानपुरा मिळवणं अवघड नाही, आणि नसेल तर मोबाइलवरचाही चालेल. पहिली तार पंचमात, मग जोडीचे सा, मग खर्ज, म्हणजे मंद्र सा. तो सुरू ठेवा आणि कीबोर्डवर एकेक कॉर्ड हळू धरा, आधी तीन सुरांची, मग चार सुरांची.

तीन सुरांच्या कॉर्ड घेतल्या तर ‘सा’ फक्त तिघींत आहे: सा ग प, म ध सा, ध सा ग. आता दुसऱ्या कॉर्डकडं बघा. रे म ध यात सा नाही, तानपुऱ्यावर ती जराशी परकी वाटते. तिच्यावर सातवा सूर चढवला की तो सूर म्हणजे सा. रे म ध सां. कॉर्ड लगेच तानपुऱ्यात मिसळते. सहाव्या कॉर्डचंही तसंच आहे: ध सा ग मध्ये पंचम नव्हता, सातवा सूर चढवला की पंचम आला. आता तिच्यात सा आणि प दोन्ही आहेत. पहिली सोडली तर हे भाग्य फक्त हिचं.

म्हणून ज्या गाण्यात खालून सा-प चा आधार सतत चालू आहे, अभंग असो, भावगीत असो, तिथं दुसरी आणि सहावी तीन सुरांत वाजवण्यापेक्षा चार सुरांत वाजवावी. ती जास्त शोभते याचं कारण हे आहे. ‘सेव्हन्थ लावली की भारी वाटतं’ एवढ्यावर समाधान मानू नये.

उलट बाजूही ऐका. तिसरीत प आहे पण सा नाही. पाचवीत तेच. सातवीत, नि रे म ध, सा पण नाही आणि प पण नाही. तानपुऱ्यावर ती लोंबकळत राहते. तिच्यावर थांबलात तर ऐकणाऱ्याला पुढं काहीतरी हवंसं वाटतं. चौथीत सा आहे, पण तिचा म तानपुऱ्याच्या प ला खेटतो. मध्यम प्रबळ असलेल्या रागांना तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात का मिळवतात, तेही इथं कानाला पटेल.

हे ऐकताना एक खटक जाणवेल. कीबोर्डचा ग तानपुऱ्याशी पूर्ण मिळत नाही. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो त्याच्यापेक्षा कीबोर्डचा शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन. शुद्ध निषादही असाच थोडा चढा. हा प्रश्न आपल्या भागात फार पूर्वी गांभीर्यानं घेतला गेला आहे: सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची, म्हणजे सेमीटोनपेक्षा बारीक सुरांतरांची, पेटी करून पाहिली, आणि त्या कामात अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार घेतला. आपल्यापुरता उपाय साधा आहे. तानपुरा चालू असताना कॉर्ड मोठ्या आवाजात आणि लांब धरून ठेवू नका, आणि मेजर सेव्हनमधले ग आणि नि हलक्या बोटानं दाबा. गायक शुद्ध रागसंगीत गात असेल तर कॉर्ड वाजवूच नयेत, असं मी स्पष्ट सांगेन. हा सगळा विचार सुगम गाण्यांसाठी आहे.

पाचवी कॉर्ड घरी कशी आणते

प नि रे म. या चार सुरांतले नि आणि म वेगळे वाजवून बघा. दोघांत सहा सेमीटोनचं अंतर आहे, सप्तकाचा बरोबर अर्धा भाग. कानाला ते टोचतं. मग नि ला सा वर जाऊ द्या आणि म ला ग वर उतरू द्या. दोन्ही सूर एकेक सेमीटोन सरकले आणि घर आलं.

प नि रे या तीन सुरांत हा ताण नाही, कारण म नाही. म येतो तो सातवा सूर म्हणून. म्हणजे पाचवीवर सेव्हन्थ लावायची की नाही, हा प्रश्न ‘आता सा वर यायचंच आहे का’ असा विचारावा. कडवं संपून ध्रुवपदावर यायचं असेल तर लावा. ओळ पंचमावर निवांत थांबत असेल तर नुसतं प नि रे पुरे.

बोटं कमीत कमी हलवा

प्रत्येक कॉर्ड मूळ सुरापासून रचून वाजवली की हात उड्या मारत राहतो आणि गाणं तुटक होतं. त्यावर एकच व्यायाम पुरेसा आहे, पण तो रोज करावा लागतो. डाव्या हातात नुसता मूळ सूर, उजव्यात चार सूर:

सा ग प नि (पहिली)
सा ग म ध (चौथी)
नि़ रे म ध (सातवी)
नि़ रे ग प (तिसरी)
ध़ सा ग प (सहावी)
ध़ सा रे म (दुसरी)
प़ नि़ रे म (पाचवी)
प़ नि़ सा ग (पहिली)

उजव्या हाताकडं लक्ष द्या. आधी वरची दोन बोटं एकेक सूर खाली येतात, खालची दोन जागेवर. मग खालची दोन उतरतात, वरची जागेवर. असं आलटून पालटून चालतं आणि आठव्या ओळीला आपण पुन्हा पहिल्या कॉर्डवर येतो, सातही कॉर्ड वाजवून. डाव्या हाताचे सूर सा, म, नि, ग, ध, रे, प, सा असे जातात. जवळपास प्रत्येक पाऊल षड्ज-मध्यम भावाचं, म्हणजे सा ते म एवढ्या अंतराचं, आहे. फक्त म ते नि हे अंतर एका सेमीटोननं मोठं आहे. ती एक जागा थोडी अवघडल्यासारखी ऐकू येईल. तुमचं चुकलेलं नाही, ती तशीच असते.

केरव्याच्या संथ लयीत, चार मात्रांना एक कॉर्ड अशी, हात न बघता वाजवता येईपर्यंत पुढं जाऊ नका. डावा हात मात्र सांभाळा. मंद्र सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात दोन-तीन सूर एकत्र दाबले की नुसती गुरगुर होते. तिथं एकच सूर.

पेटीवर एक हात भात्याला लागतो, त्यामुळं चार सूर आणि चाल दोन्ही जमत नाही. तिथं प्रत्येक कॉर्डचे दोनच सूर घ्या: तिसरा आणि सातवा. कॉर्डची जात त्या दोघांवरूनच कळते. मूळ सूर गायक, तबल्याचा सूर किंवा तानपुरा भरून काढतो, आणि पाचवा सूर सोडला तरी फारसं बिघडत नाही. दुसरी, पाचवी, पहिली या क्रमाचे दोन-दोन सूर असे: म सां, मग म नि, मग ग नि. दर वेळी एकच बोट हलतं. हा सोपेपणा पेटीवाल्यांनी फार कमी वापरलाय असं मला वाटतं.

चालीतला सूर आणि कॉर्डमधला सूर भांडतात तेव्हा

सेव्हन्थ कॉर्ड शिकल्यावर सगळीकडं त्याच लावण्याचा मोह होतो. तिथंच बिघडतं. गाणारी ‘सा’ वर लांब थांबली आहे आणि तुम्ही खाली सा ग प नि धरलंय, असं समजा. तुमचा नि आणि तिचा सा एका सेमीटोनवर घासतात, आणि तिला वाटतं आपण बेसूर झालो. दोष तिचा नसतो.

अशा वेळी दोन पर्याय आहेत. साधं सा ग प, किंवा नि च्या जागी ध घेऊन सा ग प ध. दुसऱ्या पर्यायाचे सूर नीट बघितले तर ते सहाव्या कॉर्डचेच आहेत, फक्त खाली सा ठेवला आहे. चौथ्या कॉर्डवर हाच तिढा म वर थांबताना येतो, कारण तिचा सातवा सूर ग आहे. तिथंही ग काढून रे घाला: म ध सा रे, म्हणजे दुसऱ्या कॉर्डचेच सूर. एकूण नियम असा, की मेजर सेव्हन कॉर्डच्या मूळ सुरावर चाल लांब थांबत असेल तर सातवा सूर सोडून द्यायचा. मायनर सेव्हनला ही अडचण नाही. तिथं सातवा आणि मूळ सूर दोन सेमीटोन दूर असतात, ते एकमेकांना सहन करतात.

मायनर: एक स्केल नाही, तीन

मेजरमध्ये सूर ठरलेले होते. मायनरमध्ये ग कोमल एवढंच नक्की. ध आणि नि कोमल की शुद्ध, हे गाण्यागणिक आणि कधी ओळीगणिक बदलतं. पुस्तकं याला नॅचरल, हार्मोनिक आणि मेलोडिक मायनर म्हणतात. आपल्याकडं हे सूर तीन ओळखीच्या ठिकाणी सापडतात: आसावरी थाट, कीरवाणी आणि पटदीप. इथं रागांचं चलन नको, फक्त सुरांची यादी उसनी घेऊ.

आसावरी थाट, सा रे ग॒ म प ध॒ नि॒, यात नवं काहीच शिकायचं नाही. बिलावलच्या ध ला सा मानून मूर्च्छना केली की हाच थाट येतो. म्हणजे वरच्या सात कॉर्डच पुन्हा, सहावीपासून मोजायला सुरुवात केलेल्या:

सा ग॒ प नि॒ मायनर सेव्हन
रे म ध॒ सां हाफ डिमिनिश्ड
ग॒ प नि॒ रें मेजर सेव्हन
म ध॒ सां गं॒ मायनर सेव्हन
प नि॒ रें मं मायनर सेव्हन
ध॒ सां गं॒ पं मेजर सेव्हन
नि॒ रें मं धं॒ डॉमिनंट सेव्हन

अडचण पाचव्या कॉर्डची आहे. प नि॒ रे म मध्ये निषाद कोमल आहे, तो सा पासून दोन सेमीटोन लांब. त्यामुळं घरी ओढणारा तो ताण राहत नाही. गाणं मऊ, अधांतरी ठेवायचं असेल तर छानच. पण ठाम समेवर यायचं असेल तर निषाद शुद्ध करावा लागतो, आणि तसा केला की आपण कीरवाणीच्या सुरांत आलो: सा रे ग॒ म प ध॒ नि.

इथं फक्त ज्या कॉर्डमध्ये नि आहे त्याच बदलतात. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी. पाचवी होते प नि रे म, मेजरमध्ये होती तीच. सातवी होते नि रे म ध॒, आणि तिची अंतरं ३-३-३. ही पूर्ण डिमिनिश्ड सेव्हन. सगळी अंतरं सारखी असल्यानं तिच्या चारांपैकी कोणताही सूर मूळ मानता येतो, आणि बारा पट्ट्यांत मिळून अशा वेगळ्या कॉर्ड फक्त तीन होतात. तीन आकार शिकलात की सगळ्या पट्ट्यांतल्या डिमिनिश्ड आल्या. पहिली कॉर्ड होते सा ग॒ प नि, ३-४-४. हिला मायनर मेजर सेव्हन म्हणतात, आणि ती इतकी अस्वस्थ आहे की रहस्यपटाचं पार्श्वसंगीत आठवतं. तिसरी, ग॒ प नि रे, ४-४-३, पाचवा सूर चढलेली. या दोन्ही डायटॉनिक आहेत हे खरं, पण साथीला मी त्या क्वचितच वापरतो. यादीत आहेत म्हणून वाजवायच्या असं नसतं.

पटदीपच्या सुरांत, सा रे ग॒ म प ध नि, धैवतही शुद्ध होतो. आता ध असलेल्या चार कॉर्ड बदलतात: दुसरी, चौथी, सहावी आणि सातवी. दुसरी रे म ध सां ही मायनर सेव्हन. चौथी म ध सां गं॒ ही ४-३-३, म्हणजे डॉमिनंट सेव्हन. मायनर गाण्यात ही आली की एकदम उजेड पडतो. सहावी ध सां गं॒ पं आणि सातवी नि रें मं धं, दोन्ही हाफ डिमिनिश्ड.

मायनरचा व्यायाम असा करा: वरच्या आठ ओळी ग, ध, नि कोमल करून वाजवा, फक्त सातव्या ओळीत निषाद शुद्ध ठेवा, आणि आठव्या ओळीत निषाद सोडून प़ सा ग॒ एवढंच धरा. सहाव्या ओळीतून सातवीत जाताना कोमल धैवत पंचमावर आणि सा निषादावर, दोघंही एकेक सेमीटोन उतरतात. मायनरमधली ही माझी सर्वांत आवडती जागा. बहुतेक करुण गाण्यांचा ध्रुवपदावर येण्याचा रस्ता हाच असतो.

चाल हातात घेऊन ठरवा

एक छोटी ओळ घेऊ, केरव्याची दोन आवर्तनं, चार-चार मात्रांचे चार भाग:

ग – म प | ध – प म | ग रे – नि़ | सा – – –

प्रत्येक भागातले जोराचे आणि लांब सूर शोधा. पहिल्यात ग आणि प: पहिली कॉर्ड, सा ग प नि. दुसऱ्यात ध आणि म: दुसरी किंवा चौथी, दोन्ही चालतील, तानपुरा असेल तर मी दुसरी घेईन, रे म ध सां, आणि तिच्यामुळं पुढची पाचवीही जवळ येते. तिसऱ्यात रे आणि नि़, ग नुसता येऊन जातो: पाचवी, रे म प नि या क्रमानं. चौथ्यात सा लांब आहे, म्हणून सेव्हन्थ नको: सा ग प. उजव्या हाताचा प्रवास तपासा. दुसरीतून पाचवीत जाताना फक्त ध चा प आणि सां चा नि झाला. पाचवीतून पहिलीत येताना रे चा सा, म चा ग, आणि नि सोडून दिला.

आता तीच ओळ मायनरमध्ये गा: ग॒ – म प | ध॒ – प म | ग॒ रे – नि़ | सा. दुसऱ्या भागात कोमल धैवत आहे, म्हणून कॉर्ड रे म ध॒ सां, हाफ डिमिनिश्ड. तिसऱ्या भागात चालीनं शुद्ध निषाद घेतला आहे, म्हणून प नि रे म. पहिल्या भागात चाल निषादाला शिवतच नाही. तिथं मी सा ग॒ प एवढ्यावर थांबेन, आणि कोमल निषाद घालायचाच असेल तर तो हळूच घालेन, कारण पुढं लगेच शुद्ध निषाद यायचा आहे.

मग गायकाला सांगा की तिसऱ्या भागात निषाद कोमल घे. तुमची प नि रे म ताबडतोब चुकीची ठरते. दोन निषाद एकमेकांवर आदळतात. तिथं प नि॒ रे म किंवा नि॒ रे म ध॒ लागेल. आणि दुसऱ्या भागात तिनं धैवत शुद्ध घेतला, तर रे म ध सां किंवा म ध सां गं॒. स्केल कोणतं, हा प्रश्न गाण्याच्या सुरुवातीला एकदाच विचारून भागत नाही. मायनर गाणं बसवताना आधी चालीची सरगम कागदावर लिहा, प्रत्येक ध आणि नि ला कोमल-शुद्ध अशी खूण करा, आणि मगच कॉर्ड लिहा. ऑर्केस्ट्रात चार्ट हातात येतो तेव्हाही ही तपासणी करावी. चार्ट लिहिणाऱ्यानं स्केल बघून कॉर्ड लिहिलेली असते आणि गायकानं ती जागा वेगळी घेतलेली असते.

पट्टी बदलताना

पांढरी एकवर हात बसला की बहुतेक जण ट्रान्सपोज बटणाकडं वळतात. कार्यक्रमात वापरा, सरावात नको. पुरुषांचा आवाज बहुधा काळी एकच्या आसपास असतो, तेव्हा दुसरी पट्टी तीच घ्या. सरगम म्हणत वाजवलंत तर नवीन पाठांतर लागत नाही. काळी एकमध्ये पहिली कॉर्ड, सा ग प नि, अशी पडते: काळी एक, पांढरी चार, काळी चार, वरची पांढरी एक. दुसरी, रे म ध सां, चारही काळ्यांवर: दोन, तीन, पाच, वरची एक. पाचवी, प नि रें मं: काळी चार, मग वरच्या सप्तकातली पांढरी एक, काळी दोन, काळी तीन. या तीन आधी बसवा, मग आठ ओळींचा व्यायाम, मग ती छोटी ओळ मेजर आणि मायनर दोन्हीत. त्यानंतर काळी चार आणि काळी पाच, कारण बायकांच्या आवाजातली पुष्कळ गाणी तिथं असतात. काळी चारमध्ये दुसरी कॉर्ड काळी पाच, काळी एक, पांढरी चार, काळी चार अशी आली तर तुमचा हिशेब बरोबर आहे.